गाडीवरची मिनीगन: मिनिटाला ३००० राउंड, पण मिनिटं किती?

पुण्यातल्या मेकॅनिकलच्या एका विद्यार्थ्याने अहिल्यानगरचं रणगाडा संग्रहालय पाहून आल्यावर विचारलेला प्रश्न असा: "हेलिकॉप्टरवर असते तशी सहा नळ्यांची मिनीगन रणगाड्यावर, बीएमपी या चिलखती गाडीवर किंवा साध्या जिप्सीवर सर्रास का बसवत नाहीत? मिनिटाला ३००० राउंड म्हणजे समोर काही उरणारच नाही. नळ्या तापतात म्हणून टाळतात का?"

नळ्या तापतात हे उत्तर सगळीकडे ऐकू येतं, पण ते निम्मंच खरं आहे. मुळात सहा नळ्या हा तापण्यावरचाच तोडगा आहे. अशा बहुनळी बंदुकीचं पेटंट अमेरिकन संशोधक गॅटलिंगने १८६२ मध्ये घेतलं तेव्हा त्याची बंदूक हाताने फिरवावी लागायची. १८९३ मध्ये त्याने विजेच्या मोटरवर चालणाऱ्या रचनेचंही पेटंट घेतलं. तत्त्व तेव्हापासून बदललेलं नाही. एका नळीतून गोळी सुटत असते तेव्हा बाकीच्या पाचांपैकी कुणी रिकामी केस (पुंगळी) टाकत असते, कुणी नवा राउंड (काडतूस) घेत असते, आणि तेवढ्यात जमेल तितकी गारही होत असते. एम-१३४ मिनीगनच्या ३००० राउंडपैकी एका नळीच्या वाट्याला मिनिटाला ५०० येतात. साधी एकनळी मशिनगन एकाच नळीतून मिनिटाला साडेसहाशे ते हजार मारते. म्हणजे नळीपुरतं बोलायचं तर मिनीगनच निवांत आहे. खरी अडचण नळीच्या मागे आहे, बेल्टमध्ये, म्हणजे राउंडच्या पट्ट्यात. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

वजनापासून सुरुवात करू. ७.६२ × ५१ मिमीचा एक राउंड साधारण २५ ग्रॅमचा, आणि त्याला शेजारच्या राउंडशी जोडणारी लिंक सुमारे ४ ग्रॅमची. २९ ग्रॅम गुणिले ३००० म्हणजे ८७ किलो. एका मिनिटाच्या फायरसाठी एक धट्टाकट्टा गडी गाडीत जास्तीचा बसवल्यासारखं झालं. त्यात पेटीचं आणि पेटीतून गनपर्यंत बेल्ट नेणाऱ्या च्यूटचं वजन धरलेलं नाही. टी-७२ आणि टी-९० रणगाड्यांमध्ये मुख्य तोफेच्या शेजारी जी ७.६२ ची मशिनगन असते तिच्यासाठी २००० राउंड ठेवलेले असतात, २५०-२५० च्या बेल्टमध्ये. ती गन मिनिटाला सात-आठशेच्या वेगाने चालते, आणि गनर आठ-दहा राउंडचे बर्स्ट (एका दमातला मारा) मारतो. म्हणजे त्याच्याकडे दोनशेहून जास्त बर्स्ट आहेत. तोच साठा मिनीगनला दिला तर ४० सेकंदांत पेटी रिकामी. बटण अर्धा सेकंद दाबलं तरी २५ राउंड गेले, आणि फिरत्या नळ्यांना पूर्ण वेग घ्यायला थोडा अवधी लागत असल्यामुळे याहून फार छोटा बर्स्ट हाताला जमतही नाही. प्रत्यक्षात गनरचं बोट सेकंदभर तरी राहतंच. मग हिशोब ४० बर्स्टचा. गच्चीवर ५०० लिटरची टाकी आहे आणि तिला अडीच इंची पाइप जोडलाय, अशी ही गत. धार जोरकस पडते, पण पाणी उद्याच येणार असतं.

हेलिकॉप्टरचं काम वेगळं असतं. ते लक्ष्यावरून काही सेकंदांत निघून जातं, तळावर परत येतं, तिथे पेट्या भरायला माणसं उभी असतात. जहाजावर वीज आणि जागा दोन्ही मुबलक. नौदलाची एके-६३० ही सहानळी ३० मिमी तोफ मिनिटाला चार ते पाच हजार मारते, कारण अंगावर येणारं क्षेपणास्त्र तिच्या टप्प्यात जेमतेम काही सेकंद असतं. जमिनीवरच्या गाडीला मात्र एखाद्या नाल्याच्या काठावर, समोरच्या झाडीवर तासभर लक्ष ठेवून बसावं लागतं. शत्रूला डोकं वर काढू न देणं हे तिथे मशिनगनचं निम्मं काम असतं, आणि ते राउंडच्या आकड्यावर कमी, सातत्यावर जास्त अवलंबून असतं. दर दहा-पंधरा सेकंदांनी पाच-सात राउंड येत राहिले की माणूस खड्ड्यातच राहतो. दोन सेकंद वादळ आणि मग साठा वाचवण्यासाठी दोन मिनिटं शांतता, असं झालं तर त्या शांततेत तो जागा बदलून मोकळा होतो.

आता जो तोटा कागदावर दिसत नाही आणि माझ्या मते सर्वात महाग पडतो, तो सांगतो. आठशे मीटरवर ७.६२ ची गोळी पोचायला साधारण दीड सेकंद लागतो. गनर नेम धरतो, फायर करतो, ट्रेसर (चमकत जाणारी गोळी) किंवा उडालेली धूळ पाहतो आणि दुरुस्ती करतो. साधी मशिनगन पहिली गोळी पोचेपर्यंत सतरा-अठरा राउंड मारते. बहुतेक वेळा त्याआधीच बर्स्ट थांबलेला असतो. मिनीगन त्याच दीड सेकंदात ७५ राउंड सोडून मोकळी होते. पहिली गोळी डावीकडे पडली हे कळेपर्यंत पंचाहत्तरच्या पंचाहत्तर डावीकडे गेलेल्या असतात. नेमातली चूक गोळ्यांची संख्या वाढवून भरून निघत नाही, कारण ती चूक सगळ्या गोळ्यांना सारखीच लागू होते. संख्येचा फायदा होतो तो गोळ्यांच्या विखुरण्याला, म्हणजे लक्ष्य वेगाने हलतंय आणि नेम अंदाजानेच धरायचाय अशा वेळी. ए-१० विमानावरच्या सातनळी ३० मिमी तोफेचा विखुरा पाहिला तर कल्पना येईल: सुमारे १.२ किमीवर ८० टक्के गोळे साधारण १२ मीटर व्यासाच्या वर्तुळात पडतात. वरून येऊन रणगाड्यांच्या रांगेवर मारायला हे चालतं. खिडकीतल्या मशिनगनवर मारायला चालत नाही.

हे ज्यांनी तोफा बनवल्या त्यांना ठाऊक नव्हतं असं नाही. अमेरिकेने एम-११३ या चिलखती गाडीच्या सांगाड्यावर २० मिमी व्हल्कन ही सहानळी तोफ बसवून एम-१६३ ही विमानवेधी गाडी केली. विमानावर हीच तोफ मिनिटाला ६००० च्या वेगाने चालते. गाडीवर आणताना वेग ३००० वर उतरवला, जमिनीवरच्या लक्ष्यांसाठी १००० चा वेगळा खटका दिला, आणि वर १०, ३०, ६० किंवा १०० राउंडनंतर बर्स्ट आपोआप थांबेल अशी सोय केली. इतकी बंधनं घालावी लागली, यातच काय ते आलं.

कमी कॅलिबरचा वेग वाढवून चिलखत फुटत नाही हेही लक्षात घ्या. ७.६२ चा साधा राउंड चिलखती गाडीच्या पत्र्यावर एक मारा की हजार, पत्र्याला ओरखडे पडतील, आरसे आणि पेरिस्कोप फुटतील, अँटेना तुटतील. पत्रा तसाच राहील. ८७ किलो वजन जर गाडीत ठेवायचंच आहे तर तेवढ्यात १२.७ मिमीचे सहाशेच्या आसपास राउंड बसतात. विटांची भिंत, ट्रकचं इंजिन, वाळूची पोती या गोष्टींना १२.७ चा एक राउंड जे करतो ते ७.६२ चे पाच करत नाहीत. म्हणून बहुतेक सैन्यांनी गाडीच्या छतावर संथ चालणारी जड मशिनगनच ठेवली आहे.

रिकॉइलबद्दल, म्हणजे फायरच्या मागच्या धक्क्याबद्दल, जितका गवगवा होतो तितका मिनीगनच्या बाबतीत तो प्रश्न मोठा नाही. एका राउंडचा झटका सुमारे १२ न्यूटन-सेकंद, सेकंदाला ५० राउंड, म्हणजे सरासरी ६०० न्यूटन. साठ किलोचं वजन गनला सतत मागे रेटतंय असं समजा. जिप्सी यात उलटत नाही. पण हा रेटा गनच्या फिरण्याच्या अक्षातून नेमका गेला नाही, दोन-तीन सेंटिमीटर बाजूला राहिला, तरी माउंट (गनचा फिरता आधार) वळायला लागतं. रिमोटवर चालणाऱ्या माउंटमध्ये मग सर्व्हो मोटरला पूर्ण बर्स्टभर त्याच्याशी झगडावं लागतं, आणि बर्स्ट थांबताच माउंट उलट्या दिशेला हिसका देतं. मोठ्या कॅलिबरला गोष्ट गंभीर होते. ए-१० च्या त्याच तोफेचा सरासरी रेटा सुमारे ४५ किलोन्यूटन, म्हणजे साडेचार टन. ही तोफ दोन मीटर उंचीवर बसवून सात टनी चाकांच्या गाडीवरून बाजूला फायर केली असं धरा. उलटवणारा मोमेंट ९ टन-मीटर; चाकांमधलं अंतर दोन मीटर असेल तर गाडीचं वजन त्याला विरोध करतं फक्त ७ टन-मीटरने. फायरच्या बाजूची चाकं जमीन सोडणार. इंटरनेटवर ट्रकवर सातनळी तोफ बसवलेली जी चित्रं फिरतात ती काढणाऱ्यांनी एवढा गुणाकार केलेला नसतो. शिवाय भरलेल्या डब्यासकट त्या तोफेचं वजन पावणेदोन टनांच्या वर जातं.

वीज हा दुसरा नाजूक भाग. गॅसवर चालणारी मशिनगन स्वतःच्याच स्फोटावर चालते. बॅटरी उतरली तरी हाताने कॉक करून फायर करता येते. मिनीगन मोटरशिवाय म्हणजे लोखंडाची मोळी. सैनिकी गाडीची वीज २४ व्होल्टची असते आणि सहा नळ्यांचा गठ्ठा अर्ध्या सेकंदाच्या आत पूर्ण वेगाला न्यायचा म्हणजे सुरुवातीला चालू स्थितीपेक्षा कितीतरी जास्त करंट लागतो. जुन्या गाडीला सेल मारताना हेडलाइट मंद होतात ना, तेच इथे होतं. फरक इतकाच की इथे त्याच बॅटरीवर रेडिओ आणि थर्मल साइटही असतात. व्होल्टेज खाली आलं की साइटचा पडदा एक क्षण काळा होतो, आणि नेमका तोच क्षण फायरचा असतो. इंजिन बंद ठेवून दबा धरून बसायचं असेल तर बॅटरी आधीच निम्म्यावर आलेली. लडाखच्या थंडीत बॅटरीची ताकद घटते, ग्रीस घट्ट होतं, मोटर आणखी करंट मागते. उपाय आहेत: गनसाठी वेगळी बॅटरी, जाड केबल, कमीत कमी जोड. त्या सगळ्याचं वजन आणि जागा पुन्हा गाडीच्याच डोक्यावर.

आता बेल्टकडे, कारण जॅमची बहुतेक कारणं तिथेच सापडतात. सेकंदाला ५० राउंड म्हणजे सेकंदाला दीड किलो माल पेटीतून उचलून गनमध्ये न्यायचा. बेल्ट पेटीत घड्या घालून थरांनी ठेवतात. प्रत्येक घडी एकाच लांबीची, गोळ्यांची टोकं एकाच बाजूला. एका बेल्टचं शेवट दुसऱ्याच्या सुरुवातीला जोडताना लिंकची एकेरी बाजू दुहेरीत नीट बसली आहे का ते बोटाने चाचपून पाहायचं, आणि एकही राउंड लिंकमधून पुढेमागे सरकलेला नाही ना ते पूर्ण बेल्टवरून तळहात फिरवून तपासायचं. दोन-तीन मिलिमीटर बाहेर आलेला एक राउंड पुरतो. मिनिटाला सातशेच्या वेगाला तो कदाचित खपून जाईल, तीन हजारच्या वेगाला लिंक सोडवणाऱ्या फीडरच्या दातात अडकतो. पेटी भरलेली असताना बेल्ट वरच्या वर निघतो, पेटी तळाला गेली की तोच बेल्ट अर्धा मीटर उंच उचलावा लागतो, म्हणून शेवटच्या चारपाचशे राउंडमध्ये ओढ वाढते आणि जॅमही. लांब च्यूट असेल तर पेटीवर ओढून देणारी वेगळी छोटी मोटर लावतात. हेलिकॉप्टरमध्ये पेटी शांत बसलेली असते. गाडी खड्ड्यातून गेली की थर एकमेकांवर कोसळतात आणि गाठ पडते. सिंहगड रोडवरून दुचाकीच्या डिकीत इयरफोन ठेवून पाहा.

च्यूट फार लहान त्रिज्येत वाकवला किंवा पिळला तरी तेच. टरेट (गन बसवलेला फिरता मनोरा) पूर्ण गोल फिरणार आणि नळी वर-खाली होणार, म्हणजे च्यूटला एकाच वेळी वाकायचंही आहे आणि पिळायचंही. पेटी टरेटबरोबर फिरणारी ठेवली तर पीळ टळतो, पण मग ८७ किलो टरेटवर चढतात आणि तो फिरवणारी मोटर मोठी करावी लागते.

एकनळी गनमध्ये जॅम झाला की गन जागच्या जागी थांबते. अडकलेला राउंड एकच असतो. मोटरवरच्या गनमध्ये फिरत्या गठ्ठ्याचा वेग एकदम थांबत नाही. अडकलेल्या राउंडवर आणखी तीन-चार येऊन चेंगरतात, दारू सांडते, फीडरचं टायमिंग एखाद्या दाताने सरकतं. टायमिंग चुकलेलं ठेवून पुन्हा फायर केलं तर प्रत्येक राउंड त्याला नळीत ढकलणाऱ्या बोल्टसमोर वाकडा येणार. ते सोडवायचं तर वीज तोडायची, फीडर उतरवायचा, नळ्या हाताने उलट्या फिरवून चेंगरलेले राउंड काढायचे, खुणा जुळवून फीडर परत चढवायचा. वर्कशॉपच्या टेबलावर हे काम सोपं आहे. छतावर अर्धं शरीर बाहेर काढून, समोरून फायर येत असताना, हातमोज्यांनी ते करणं सोपं नाही.

हँगफायरचा, म्हणजे राउंड उशिरा पेटण्याचा, धोकाही याच कुळातला. मिसफायर झालेला, म्हणजे न पेटलेला, राउंड ही गन आपोआप बाहेर टाकून पुढे जाते, हा तिचा गुण. पण नळीचं पूर्ण चक्र ०.१२ सेकंदात होतं आणि त्यातला ब्रीच (नळीचं मागचं तोंड) बंद असण्याचा वेळ त्याहून बराच कमी. दारू पेटवणाऱ्या प्रायमरने तेवढा उशीर केला तर राउंड ब्रीच उघडल्यावर किंवा बाहेर पडल्यावर फुटतो. अमेरिकेच्या ब्रॅडली या चिलखती गाडीवरच्या २५ मिमी चेनगनमध्ये (मोटर आणि साखळीवर चालणाऱ्या तोफेत) म्हणूनच रिकॉइल जाणवला नाही की मोटर थांबेल अशी व्यवस्था आहे. मिनिटाला २०० च्या वेगाला ते शक्य होतं. आणखी एक: जुन्या रचनांमध्ये बर्स्ट थांबताना गन रिकामी होते तेव्हा थोडे जिवंत राउंड रिकाम्या केसांबरोबर बाहेर पडतात. ढिगात हात घालणाऱ्याने हे विसरू नये.

केसांचा ढीग म्हणजे किती? ३००० केसांना सैल ढिगात पंचवीस-तीस लिटर जागा लागते, पाण्याचा वीस लिटरचा जार आणि वर निम्मा. उघड्या गाडीवर त्या गरम केसा ड्रायव्हरच्या कॉलरमधून आत जातात, ब्रेकच्या पेडलखाली घरंगळतात, टरेटच्या दात्यांत अडकतात. पिशवी लावली तर ती मिनिटभरात भरते आणि भरली की मागे दाटून गनच थांबवते. बाहेर टाकणारा च्यूट लावला तर त्याला चिलखतात भोक पाडावं लागतं. लिंक वेगळ्या रस्त्याने जातात, त्यांचाही च्यूट वेगळा.

बंद टरेटमध्ये धुराचं दुखणं वाढतं. एका राउंडमध्ये सुमारे ३ ग्रॅम दारू, ग्रॅममागे थंड झाल्यावर साधारण एक लिटर वायू, त्यात कार्बन मोनॉक्साइडचा मोठा हिस्सा. सेकंदाला दीडशे लिटर. बहुतेक नळीतून पुढे जातो, पण प्रत्येक केसबरोबर थोडा मागे येतोच. समजा पाच टक्के आला तरी सेकंदाला सात लिटर, आणि आत तीन माणसं. आपल्याकडच्या बीएमपी-२ म्हणजे सारथमध्ये ३० मिमी तोफेच्या धुराचा हा त्रास परिचयाचा आहे. त्या तोफेला दोन वेग आहेत: संथ २०० ते ३००, जलद ५५० ते ८००. साठा ५०० राउंड, त्यातले १६० चिलखतभेदी. जलद वेगाने पूर्ण साठा मिनिटाच्या आत संपतो, लांब बारीक नळी थरथरून विखुरा वाढतो, आणि टरेट धुराने भरतं. त्यामुळे जमिनीवरच्या लक्ष्यासाठी संथ वेग, छोटे बर्स्ट आणि पंखा चालू. जलद खटका हेलिकॉप्टर दिसलं तर.

दारूगोळ्याच्या पुरवठ्याबद्दल थोडक्यात. चार गाड्यांनी दिवसाला फक्त दोन-दोन मिनिटं फायर केलं तर २४,००० राउंड, नुसत्या मालाचंच वजन ७०० किलो, खोक्यांसकट त्याहून बरंच जास्त. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासून आहे आणि राउंड बनवण्यात आपण मागे नाही. प्रश्न तो माल खोक्यातून काढून, बेल्ट जोडून, रात्री डोंगरात गाडीपर्यंत पोचवण्याचा आहे.

मग गाडीवर जलद मारा कधीच नको का? हवेतल्या लक्ष्यासाठी हवाच. शिल्का या विमानवेधी गाडीच्या चार २३ मिमी नळ्या मिळून मिनिटाला ३४०० च्या पुढे मारतात. तिथे नळ्यांना पाण्याने गार करतात, २००० राउंडचं वजनच ९०० किलोच्या आसपास भरतं, आणि सलग मारलं तर ते ३५ सेकंदांत संपतात. तरीही मे २०२५ मध्ये पाकिस्तानचे ड्रोन आले तेव्हा एल-७०, झेडयू-२३ आणि शिल्का याच जुन्या तोफा कामी आल्या. आता मात्र इथेही कल बदलतोय. ३५ मिमीचा एअरबर्स्ट राउंड लक्ष्याच्या अलीकडे फुटून १५२ टंगस्टनचे तुकडे पुढे फेकतो. अशा दहा-वीस राउंडना जे जमतं त्यासाठी पूर्वी शेकडो लागायचे. तेव्हा तोफ संथ चालते आणि हुशारी राउंडच्या फ्यूजमध्ये जाते. घात लावलेल्या रस्त्यावरून ताफा काढताना पहिल्या पाच सेकंदांत दोन्ही कडांवर तुटून पडणं, हे मिनीगनचं जमिनीवरचं एक खरंखुरं काम. त्यासाठी ताफ्यात अशा एक-दोन गाड्या पुरतात, आणि त्या गाडीत माणसं कमी, पेट्या जास्त बसवाव्या लागतात.

प्रोजेक्टसाठी रिमोट माउंटचं डिझाइन करणार असाल तर तक्ता या क्रमाने भरा. आधी साठ्यासाठी किती किलो उरतात ते गाडीच्या पेलोडमधून काढा. मग टरेट पूर्ण फिरताना आणि नळी वर-खाली होताना च्यूटला सर्वात कमी वाकण्याची त्रिज्या किती मिळते ते मोजा. त्यानंतर इंजिन बंद असताना, उतरलेल्या बॅटरीवर, थंडीत किती करंट मिळतो. केसा आणि लिंक कुठून बाहेर जाणार ते चित्रात काढा; बहुतेक विद्यार्थ्यांच्या मॉडेलमध्ये हा भाग गायबच असतो. मिनिटाला किती राउंड हा रकाना सर्वात शेवटी भरा. तोपर्यंत तो आकडा बहुधा हजाराच्या खाली आलेला असेल.